प्रभासदनचं पांढरं पाणी

१

घर भाड्यानं दिलं की मालकानं नुसतं बसून खायचं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा जुळे सोलापुरात येऊन पाण्याच्या दिवशी माझ्या जागी उभं राहावं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांतून एकदा येतं, तेही इतक्या कमी दाबानं की अंगणातल्या जमिनीखालच्या हौदात पडलं तरी नशीब. तिथून मोटारीनं ते गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढवायचं, मग ते सगळ्यांच्या नळांना उतरणार. ही सगळी उस्तवार कुणाची? मालकाची. म्हणजे माझी, गंगाधर बिराजदाराची.

जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो तेव्हा लोक म्हणाले, आता आराम करा. कसला आराम! घराला बायकोचं नाव दिलंय, ‘प्रभासदन’. पण प्रभा म्हणते, माझ्यापेक्षा तुम्ही या विटांचंच जास्त बघता. बघावंच लागतं. कुठं ओल येते, कुठं फ्यूज उडतो, कुणी भिंतीत खिळा ठोकतो. मालकानं डोळा मिटला की घर गेलंच.

वैशाखातली सकाळ होती. हौद भरत आला तसा मी गच्चीवर गेलो, लोखंडी शिडी चढून टाकीचं झाकण काढलं आणि आत वाकून पाहिलं. तळाशी जेमतेम ओल होती, टाकी स्वच्छ होती. होळीच्या सुमारास याच शिडीवर मला चक्कर आली होती आणि मी खाली आपटलो होतो. तेव्हापासून डॉक्टर आणि प्रभा दोघंही शिडीच्या विरुद्ध आहेत. पण टाकी बघायला दुसरं कोण जाणार? वरूनच ओरडलो, “प्रभा, चालू कर!” मोटारीचं बटण आमच्या स्वयंपाकघराबाहेर, हौदाला लागूनच आहे. थोड्या वेळानं खाली मोटार घुरघुरली.

त्या आवाजासरशी नेहमीचा तमाशा सुरू झाला. मोटार लागली की आमच्याकडे प्रत्येकजण आधीचं उरलेलं पाणी ओतून देतो. शिळं पाणी म्हणे! कालपर्यंत तांब्या-तांब्यानं जपलेलं पाणी, ताजं आलं की एका क्षणात शिळं होतं. सोलापुरात घरोघरी हेच चालतं आणि मी घरोघरी जाऊन भांडू शकत नाही. निदान माझ्या घरात तरी भांडतो.

गच्चीवरच्या खोलीत राहणाऱ्या अनीशनं पिंप आडवं केलं, ते पाणी थेट आमच्या खिडकीच्या छज्ज्यावर पडलं. जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या अभिमन्यूनं दोन बादल्या उपड्या केल्या होत्या, माझा पाय सटकता सटकता राहिला. खाली अंगणात कस्तुराबाई कडुनिंबाच्या बुंध्याशी घागरी रित्या करत होत्या. मी उतरता उतरता तिघांनाही झापलं. अनीश हसला, अभिमन्यू मला ओलांडून वर गेला, कस्तुराबाई म्हणाल्या, “झाडाला बी तहान लागती की, मालक!”

मी घरात येऊन टेकतोय तोच वरून अभिमन्यूच्या बायकोची, वैष्णवीची किंकाळी ऐकू आली. धावत गेलो. नळाखाली कळशी होती आणि नळातून दुधासारखं पांढरं पाणी पडत होतं. वासानं डोळ्यांत पाणी आलं. फिनेल.

मी आमचा नळ सोडला. कस्तुराबाईंचा सोडला. सगळीकडे तेच. टाकीभर पाण्यात कुणीतरी फिनेल ओतलं होतं, आणि पुढचं पाणी यायला अजून चार-पाच दिवस होते.

२

माझं डोकं तापलं की चालतं फार जोरात. मी मोटार बंद केली, टाकीची चावी सोडून सगळं पांढरं पाणी गच्चीवरून वाहून जाऊ दिलं आणि जिन्यात येरझाऱ्या घालत हिशोब मांडला. मी पाहिलं तेव्हा टाकी स्वच्छ होती. म्हणजे मी उतरल्यावर कुणीतरी वर गेलं. वर कोण होतं? अनीश तर वरच राहतो. आणि मी उतरत असताना जिन्यात मला ओलांडून वर गेला तो अभिमन्यू.

आदल्याच संध्याकाळी त्याचं माझं वाजलं होतं. वैष्णवीला आठवा महिना लागलाय. त्याला पाळणा टांगायला छताला हुक बसवायचा होता. मी म्हटलं, स्लॅबला भोक पाडायचं नाही. पावसाळ्यात गळायला लागलं की मग मालकाच्याच नावानं शंख करणार. तो चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे, हातानं कामसू पण तोंडानं फटकळ. जाता जाता म्हणाला होता, “एवडं घर जपताय काका, बघू कुटवर जपताय.”

आता याला धमकी नाही तर काय म्हणायचं?

मी त्याचं दार ठोकलं. दारामागेच फिनेलची बाटली उभी होती. तिकडं बोट दाखवून म्हणालो, “हे काय?”

“फिनेल हाय. हिला सारखं उलटीवाणी हुतंय, पुसायला लागतंय की,” तो म्हणाला.

“आणि सकाळी गच्चीवर कशाला गेला होतास?”

“बाळाची झबली वाळत घातल्याली, ती आणाय.”

“कबूल कर अभिमन्यू, नाहीतर संध्याकाळच्या आत खोली रिकामी कर.”

त्याचा चेहरा उतरला नाही, चढला. “न केल्यालं कबूल करू व्हय? जातो आमी. वैरागला माजं घर हाय.”

वैष्णवी भिंतीला धरून उभी होती. तिच्याकडं बघायचं मी टाळलं. वैरागचा रस्ता, टेम्पोतले हादरे, आणि तिला प्रवास वर्ज्य केलेला, हे मला माहीत होतं. प्रभा माझ्या मागं जिना चढून आली होती. ती म्हणाली, “अहो, नुसत्या संशयावरून पोरीला असं बाहेर काढतात का?”

“मग नवऱ्यानं आधी विचार करायचा.”

“त्यानं केलं नसेल तर?”

“मग कुणी केलं?”

प्रभा पदरानं तोंड पुसत खाली गेली. मी अक्काला फोन लावला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण दाक्षायणी. अक्कलकोटला असते. सारी नोकरी तिनं मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून केली. कुणाची पेटी कुणी उघडली, कुणाचे पैंजण कुणाच्या उशीखाली आहेत, हे तिला मुलींच्या नुसत्या बसण्यावरून कळायचं. मी म्हटलं, “अक्का, चोर सापडलाय. फक्त त्याच्या तोंडून वदवून घ्यायचंय.”

“सापडलाय तर मला कशाला बोलावतोस, तम्मा?” ती म्हणाली. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. साठी उलटली तरी मी तिचा तम्माच आहे.

पण ती आली.

३

अक्का आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. घरभर फिनेलचा वास कोंडला होता. तिनं नाकाला पदर लावला, चपला काढल्या आणि घरात न येता आधी तुळशीपाशी गेली. मातीत बोट घातलं.

“कोरडी ठणठणीत आहे गं, प्रभा.”

“या गोंधळात राहिलंच अक्का,” प्रभा म्हणाली आणि चहा टाकायला आत वळली.

मी अक्काला सगळं सांगितलं. टाकी, शिडी, हुक, धमकी. ती ऐकत होती की नाही कोण जाणे, कारण प्रभानं आणलेला चहा ती प्यायली नाही. कप हातात धरून त्याच्याकडं बघत बसली. मी माझा संपवला, तरी ती बघतच होती.

“माशी पडली का?” मी विचारलं.

“नाही. छान झालाय.” मग तिनं तो एका घोटात संपवला. “प्रभा, मोटार तूच लावलीस ना?”

“हो.”

“तेव्हा अंगणात आणखी कोण होतं?”

प्रभा रिकामे कप उचलता उचलता म्हणाली, “कुणी नव्हतं. कस्तुराबाई आत होत्या, मोटार लागल्यावर बाहेर आल्या. मी एकटीच होते.”

“ऐकलंस?” मी म्हणालो. “खाली कुणी नव्हतंच. जे झालं ते वरच.”

“तू जरा गप्प बस,” अक्का म्हणाली. तिच्या स्वरात काहीतरी वेगळं होतं. पण तेव्हा माझं लक्ष जिन्यातल्या धाडधाड आवाजाकडं होतं. अभिमन्यू पलंग सोडवत होता. प्रत्येक ठोका मला माझ्या भिंतीवर बसल्यासारखा वाटत होता.

आम्ही वर गेलो. खोलीभर बोचकी होती. वैष्णवी एका ट्रंकेवर बसली होती, शेजारी भरलेली पितळी कळशी. अक्कानं तिच्या पायाकडं पाहिलं. सुजले होते.

“पाणी प्यायलीस का बाळा?”

“व्हय. काकूंनी कळशी पाटवली.” वैष्णवीनं कळशीवर हात ठेवला. “सगळ्यात आदी माज्यासाटीच पाटवली. त्यांचा जीव हाय वो माज्यावर.”

“तुमच्याकडं स्वतःचं पाणी नव्हतं?”

“कुटलं! मोटार लागल्याचं ऐकलं, सगळं वतून टाकलं यांनी. जिन्यात वतलं म्हणून काका वरडले बी.”

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. “ओरडलास?”

“ओरडणारच. पाय घसरला असता माझा.”

तिनं अभिमन्यूला एकच विचारलं. “तुला मालकाचा राग आला होता?”

“आला हुता की. अजून बी हाय,” तो पलंगाची पट्टी खाली ठेवत म्हणाला. “पर राग मालकाचा हाय. पाणी तर सगळ्यांचं हुतं.”

मला वाटलं होतं अक्का आता त्याला खिंडीत पकडेल. तिनं फक्त त्याची फिनेलची बाटली उचलून उजेडात धरली. गळ्यापर्यंत भरलेली होती.

“दुसरी बाटली टाकून दिली असेल,” मी म्हणालो.

“असेल,” अक्का म्हणाली. “टेम्पो कधी येतोय?”

“संध्याकाळी,” अभिमन्यू म्हणाला.

“मग आपल्याला वेळ कमी आहे, तम्मा.”

४

अनीश बँकेच्या परीक्षांचे क्लास घेतो. गच्चीवरची पत्र्याची खोली उन्हाळ्यात भाजून काढते, म्हणून त्याला कूलर लावायचा होता. मी नको म्हटलं, कारण ती वायर जुनी आहे आणि जळाली तर भिंत फोडायला लागेल. त्यालाही माझा राग होताच. शिवाय त्याच्या खोलीत एक गोष्ट दिसली आणि मी अक्काला कोपर मारलं. कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा जार होता. भरलेला.

“बघ,” मी हळूच म्हणालो, “सगळं घर तहानलंय आणि याच्याकडं पाणी आहे.”

अनीशनं ऐकलं. “काका, मी राहायला आलो तेव्हापासून जार घेतो. माझं पोट नाजूक आहे. पण अंघोळीला काय करू? पिंप सकाळीच आडवं केलं. तुम्हीच पाहिलंत. आज क्लासला तसाच गेलो, पोरं लांब बसली.”

“तुझ्याशिवाय गच्चीवर कोण आलं होतं?” अक्कानं विचारलं.

“आधी काका आले. ते गेल्यावर अभिमन्यू आला, दोरीवरचे कपडे काढले आणि गेला. शिडीला हातसुद्धा लावला नाही. मी दारात दात घासत होतो.”

“हा त्याचा मित्र आहे,” मी म्हणालो.

“मित्र कसला! रोज भांडतो माझ्याशी, वर खुर्ची ओढली की खाली आवाज होतो म्हणून.”

मला हे पटत नव्हतं, पण खोटंही वाटत नव्हतं. ऊन मी म्हणत होतं. मी टाकीभोवती उगाच दोन फेऱ्या मारल्या. शिडीवर पाय ठेवला, तसा खालून अंगणातून प्रभाचा आवाज आला, “अहो, चढू नका!” तिला तिथून गच्ची दिसतच नाही. तरी तिला कळलं होतं.

मग आम्ही कस्तुराबाईंकडं आलो. करकंबच्या या बाई. तळमजल्यावरच्या रस्त्याकडेच्या खोलीत ज्वारीच्या कडक भाकरी करून विकतात. चुलीच्या धुरानं माझी भिंत काळी पडते म्हणून मी त्यांना खोली सोडायला सांगून बसलोय आणि त्या न सोडता बसल्यात. आज चूल थंड होती. परातीत पीठ तसंच कोरडं होतं. एका लग्नाच्या घरी भाकरी पोचवायच्या होत्या, त्या राहिल्या होत्या.

“माजं तर आज पार वाटुळं झालं, अक्का,” त्या म्हणाल्या. “गिऱ्हाईक तुटलं माजं. पीठ मळाय थेंब न्हाय.”

“सकाळी घागरी भरलेल्या होत्या ना?”

“हुत्या की! झाडाला वतल्या. मालक वरडत हुते तवाच ऐकलं असतं तर!” त्यांनी कपाळावर हात मारला. “पर मला काय सपान पडलं हुतं व्हय? असं व्हनार म्हाईत असतं तर एक थेंब सुदिक वतला नसता.”

अक्का एकदम उभी राहिली. इतकी एकदम, की कस्तुराबाई दचकल्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. तम्मा, हौद पाहिलास?”

“हौद कशाला बघायचा? फिनेल टाकीत पडलंय. मी बघितली तेव्हा टाकी...”

“टाकीतलं पाणी उलटं खाली येतं का?”

“नाही.”

“मग हौदातलं अजून चांगलं असेल.”

“असणारच! टाकी घासून घेतली की संध्याकाळी तेच चढवणार आहे मी. त्याच आशेवर बसलेत सगळे.” हौदात माझ्याशिवाय कुणी बादली सोडायची नाही हा माझा नियम, म्हणून दिवसभर कुणी झाकणाला हात लावला नव्हता. मी हौदाचं लोखंडी झाकण सरकवलं, दोरीला बादली बांधली आणि आत सोडली. वासाचं म्हणाल तर सकाळपासून नाकाला दुसरा वासच येत नव्हता.

बादली वर आली. कस्तुराबाईंनी डोळ्यांवर हात धरले.

बादलीतलं पाणी पांढरं होतं.

५

मी मटकन कट्ट्यावर बसलो. माझा सकाळपासूनचा हिशोब त्या बादलीत बुडाला होता. फिनेल टाकीत कुणी टाकलंच नव्हतं. ते हौदात पडलं होतं आणि माझ्याच मोटारीनं ते वर चढवलं होतं. म्हणजे मी गच्चीवर टाकीत डोकावत असतानाच खाली काम उरकलं होतं. अनीश सुटला. अभिमन्यूही सुटत होता, कारण मी वर असताना तो जिन्यात होता, आणि अंगणात प्रभा होती.

“म्हणजे कस्तुराबाई!” मी कुजबुजलो. “खोली सोडायची नाही म्हणून...”

“खोली सोडायची नाही म्हणून स्वतःच्या पिठाचं पाणी कोण घालवेल? आत चल,” अक्का म्हणाली.

आम्ही बैठकीच्या खोलीत बसलो. मी बसलो म्हणजे काय, पंख्याखाली उभा राहून कॅलेंडरची पानं उलटत होतो. प्रभानं न विचारता चहाचे कप समोर ठेवले आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

“आता नीट ऐक,” अक्का म्हणाली. “ज्याला खरंच कुणाचं वाईट करायचं असतं, तो वास नसलेलं काहीतरी टाकतो. हे फिनेल होतं. रंग दिसतो, वास लांबून येतो. म्हणजे टाकणाऱ्याला कुणी ते पाणी पिऊ नये असंच वाटत होतं. त्याला फक्त पाणी नासवायचं होतं. बरोबर?”

“बरोबर. पण का?”

“ते नंतर. ज्याला पाणी नासणार हे आधीपासून माहीत होतं, तो माणूस सकाळी एक गोष्ट करणार नाही. कुठली?”

मी समोरचा कप उचलून घोट घेतला.

“कस्तुराबाई आत्ता काय म्हणाल्या? माहीत असतं तर एक थेंब ओतला नसता. तम्मा, मोटार लागली की तुझ्या घरात सगळे शिळं पाणी ओततात. ज्याला माहीत होतं, त्यानं ओतलं नसणार. घरात पोटुशी बायको असलेला नवरा पिण्याचं पाणी जिन्यात ओतेल का? तू स्वतः त्याच्या पाण्यावरून घसरता घसरता वाचलास आणि त्यालाच घराबाहेर काढतोयस. आता मोज. कुणी कुणी ओतलं?”

“अनीशनं ओतलं. छज्ज्यावर पडलं. अभिमन्यूनं ओतलं. कस्तुराबाईंनी झाडाला घातलं.” मी चिडून हात पसरले. “झाले की सगळे! सगळ्यांनी ओतलं. मग राहिलं कोण?”

अक्कानं फक्त माझ्या हाताकडं पाहिलं. माझ्या हातात कप होता.

दिवसभर मी चहा पीत होतो. दुपारी आमटी-भात जेवलो होतो. वैष्णवीला भरलेली कळशी गेली होती. घरात एकाही नळाला पाणी नसताना हे सगळं कुठल्या पाण्यावर चाललंय, हे मला, घरातला थेंबन् थेंब मोजणाऱ्याला, एकदाही सुचलं नव्हतं. सुचणार कसं? स्वतःच्या घरातलं कोण मोजतो?

मी दारातून बाहेर पाहिलं. तुळस कोरडी होती. या घरात राहायला आल्यापासून प्रभानं पाण्याच्या दिवशी सगळ्यात आधी शिळं पाणी तुळशीला घातलंय, मग कट्टा धुतलाय. शिळं ओतणारी तीच तर पहिली, मोटार तिच्याच हातानं लागते.

“हा काही पुरावा नाही,” अक्का हळू आवाजात म्हणाली. “गडबडीत राहूनही जातं. म्हणून दुपारपासून मी तिला स्वतःहून बोलायला वाट करून देत होते. वसतिगृहात मी नेहमी असंच करायचे. या घरात तू एकाला हुक नाही म्हटलास, एकाला कूलर नाही, एकीला चूल नाही. आणखी कुणाला काय नाही म्हटलंयस, ते आठव.”

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

६

“मीच टाकलं,” प्रभा म्हणाली.

ती दारातच उभी होती. रडत नव्हती. उलट कित्येक दिवसांनी मोकळी उभी राहिल्यासारखी दिसत होती.

“वेड लागलंय का तुला?” मी ओरडलो.

“लागायचंच राहिलंय. दर पाण्याला तुम्ही त्या शिडीवर चढता आणि मी खाली बटणावर बोट ठेवून ऐकत बसते. वरून हाक आली की कळतं, आहात. होळीला हाक आली नव्हती. धप्प आवाज आला होता.” तिनं पदर कमरेला खोचला. “किती वेळा म्हटलं, भाडेकरू नकोत. घर बंद करू, श्रावणीकडं पुण्याला जाऊ. लेक बोलावून थकली. तुम्ही म्हणता, माझ्यामागं घराकडं कोण बघणार? मला वाटलं, पाण्याची बोंब झाली की सगळे आपणहून जातील. सोलापुरात पाणी नसलेल्या घरात कोण राहतं? ते गेले की तुम्हाला चढायचं कारणच उरणार नाही.”

“आणि सकाळपासून गप्प का राहिलीस?”

“तुम्ही त्या पोरीच्याच नवऱ्याचं नाव घ्याल असं वाटलं नव्हतं. दहा वेळा जिन्यापर्यंत जाऊन आले. तोंड उघडत नव्हतं.”

मला राग यायला हवा होता. आला तो भीतीसारखा आला. त्या शिडीवर मी एकटा चढतो, असंच मी इतके दिवस समजत होतो.

“हे बघ,” मी म्हणालो, “आपण त्यांना सांगू, हौदात चुकून बाटली पडली. माझ्या हातून पडली म्हणून सांगतो. तू काही बोलू नकोस.”

पण ती चपला न घालताच बाहेर पडली होती.

टेम्पोत पलंग चढला होता, शिलाई मशीन चढलं होतं. पाळण्याची लाकडी दांडी अभिमन्यूच्या हातात होती. कस्तुराबाई आणि अनीश फाटकाशी उभे होते. प्रभानं सगळ्यांसमोर, एका दमात सांगून टाकलं. मी मागं उभा होतो आणि कुठं बघावं ते मला कळत नव्हतं.

वैष्णवी खाली आणून ठेवलेल्या ट्रंकेवरून उठली.

“काकू, तुमीच नासवलं आन तुमीच मला पाजलं?”

प्रभानं मान खाली घातली.

“मी दिवसभर देवाला म्हणत हुते, या घरात एकच मानूस चांगलं हाय.” वैष्णवी रडायला लागली. “मला ह्यांचा बी संशय आला वो. माज्या नवऱ्याचा. म्हटलं, रागानं टाकलं असंल तर?”

अभिमन्यूनं चमकून बायकोकडं पाहिलं. सबंध दिवसात त्याचा चेहरा पहिल्यांदा पडला. माझ्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते या वाक्यानं झालं, आणि हेही माझंच कर्तृत्व होतं. मी पुढं झालो. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाला शब्द सापडत नाहीत. मी म्हणालो, “अभिमन्यू, चूक माझी. तुझ्याच पाण्यावरून घसरत होतो, तरी मला दिसलं नाही. जाऊ नका. हुक कुठं बसवायचा ते दाखव.”

“स्लॅब गळंल,” तो तोऱ्यात म्हणाला.

“गळू दे.”

तो वैष्णवीकडं बघत राहिला. ती डोळे पुसून म्हणाली, “मला न्हाय टेम्पोत बसवत. पर काकूंशी मी आज बोलनार न्हाय.”

“नको बोलू,” प्रभा म्हणाली. “पाणी तेवढं घे.”

तिनं आमच्या स्वयंपाकघरातलं पिंप उघडलं. तेच ते, न ओतलेलं पाणी. काठोकाठ नव्हतं, पण होतं. कस्तुराबाईंना पिठापुरतं, अनीशला अंघोळीपुरतं, वैष्णवीला कळशीभर, असं ती वाटत गेली. कस्तुराबाई घागर पुढं करत पुटपुटल्या, “मालकीनबाई, पुढच्या वक्ताला भांडा, रडा, पर पान्याला हात लावू नका.” प्रभानं मान हलवली. अक्का कट्ट्यावर बसून हे सगळं बघत होती, निकाल लावून झालेल्या रेक्टरसारखी.

दुसऱ्या दिवशी अभिमन्यूनं हौद उपसून घासला, मग टाकी घासली. शिडीवर तो चढला. मी खाली प्रभाशेजारी उभा राहिलो. हात मागं बांधले, सोडले, पुन्हा बांधले. वरून हाक येईपर्यंत काय होतं माणसाचं, ते मला त्या दिवशी कळलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण तिला ते समजलं होतं. पुण्याला जायचं की नाही, यावर आमचं अजून भांडण चालू आहे. शिडीवर मात्र मी चढत नाही.

चार-पाच दिवसांनी पाणी आलं. वरून अभिमन्यूनं हाक दिली, प्रभानं बटण दाबलं आणि सवयीनं पिंपाकडं वळली. सगळ्या घरात कुठंच गडबड झाली नाही. प्रभासदनात त्या सकाळी ओतून द्यायला शिळं पाणी कुणाकडंच उरलं नव्हतं.